चाचणीपुरती ओळ

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." बाबा सप्टेंबरपाशी अडखळले आणि पुन्हा डिसेंबरवर गेले.

दाराजवळच्या खुर्चीत ते केव्हाचे तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, पायांत बूट, मांडीवर फाइल. साडेचारला त्यांची लेक गाडी घेऊन यायची होती, त्यांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे न्यायला. तिथे महिने उलटे म्हणायला लावतात, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. जेवण झाल्यापासून पाठांतर चालू होतं, परीक्षेच्या वर्गाबाहेर उभ्या पोरासारखं.

सून समोर उभी होती, कडेवर दीड वर्षाची ठमी. ठमी आजोबांकडे झेपावत होती आणि सून तिला मागे ओढत होती. आठवडाभर घरात हेच चाललं होतं. जो माणूस अंगणातला नळ उघडा टाकतो, मागाहून कधी बंद केला हेही ज्याला आठवत नाही, टाकी रिकामी होऊन सगळा चिखल झाला तरी ज्याला पत्ता नसतो, त्याच्या भरवशावर पोर कसं सोडायचं? हे तिने नणंदेला फोनवर विचारलं होतं. दबक्या आवाजात, पण दार उघडं होतं.

"वाफ्यांना पाणी द्यायला तू ते जे काही बनवलंयस, त्याचा तर घोळ नाही ना?" नणंदेने विचारलं होतं.

"ते सकाळी सहाला दहा मिनिटं चालतं आणि बंद होतं. मशीन कशाला विसरेल, ताई?"

त्या मशीनचा तिला कोण अभिमान. भंगारात चाललेल्या वॉशिंग मशीनचा व्हॉल्व्ह, जुना मोबाइल चार्जर, तळहाताएवढं सर्किट आणि तापल्या सुईने भोकं पाडलेला पाइप; सगळं अंगणातल्या नळाशेजारीच, टाकीच्या नळीला जोडलेलं. तसंच विकत घ्यायचं तर डोळे पांढरे झाले असते. त्याचा प्रोग्रामही तिने स्वतःच लिहिला होता, ठमीच्या झोपेच्या तुकड्यातुकड्यांत.

"सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै..." बाबांना सूर सापडला.

गल्लीत केबलचं काम निघालं होतं. आठवडाभर वीज दिवसातून चार-पाचदा जात होती, येत होती. आत्ताही गेलेली होती, आणि बाबा फाइलनेच वारा घेत होते.

"जून, मे..."

पंखा फिरू लागला. फ्रिज गुरगुरला. अंगणात 'टक्' असा आवाज झाला आणि पाइपाच्या भोकाभोकातून पाणी उडालं.

नळाजवळ कुणीच नव्हतं. बाबा तिच्यासमोर होते, मे महिन्यावर.

आणि तिला ती ओळ आठवली. पाइप जोडताना गळती बघायला दर वेळी सकाळचे सहा वाजायची वाट कोण बघणार? म्हणून प्रोग्रामच्या सुरुवातीलाच तिने लिहिलं होतं: वीज आली की आधी दहा मिनिटं पाणी सोड. चाचणीपुरतं. शेजारी टीपही होती, 'नंतर काढून टाकणे.'

काढायची राहून गेली होती.



बाबा मात्र धडपडत उठले होते. फाइलमधले कागद खाली घसरले. "माझंच," ते म्हणाले. "जेवल्यावर हात धुतले मी तिथे. बंद केल्यासारखा वाटत होता गं."

पहिल्या दोन खेपांना ते तावातावाने भांडले होते, मी नळाला हातही लावला नाही म्हणून. तिसऱ्या खेपेला गप्प बसले. त्या गप्प बसण्यालाच तिने कबुली धरलं होतं.

इस्त्रीच्या कपड्यांनिशी ते चिखलात शिरले, नळाची चावी पिळू लागले. जोर लावून पिळली. पाणी उडतच राहिलं. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा तिला बघवेना.

"हा बंद आहे ना गं? तू बघ. मला बंद दिसतोय."

"बंदच आहे, बाबा. रोज बंदच होता." ठमीला सावरत ती पायऱ्या उतरली. "तुम्ही नाही, मी विसरले. मशीनमध्ये एक ओळ राहिली माझी. वीज परत आली की आपोआप पाणी सुटतं. आणि मी तुम्हाला..." तिने ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "मी ताईंना फोन करते. सगळ्यांना सांगते. कुठे जायची गरज नाही."

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. एक बाही भिजत होती. मग ते हसले, पोराने रडू आवरलं की मोठी माणसं हसतात तसे.

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस. कळतं मला."

"नाही हो, बाबा! खरंच!"

"परवा चष्मा कपाळावर होता आणि मी घरभर शोधत होतो. तुम्हाला कुणाला बोललो नाही." त्यांनी नळ आणखी एकदा तपासला. "जाऊन येतो ना डॉक्टरकडे. तू कशाला स्वतःवर घेतेस?"

तिने ठमीला उचलून सरळ त्यांच्यापुढे धरलं. "घ्या हिला."

बाबांचे हात पुढे आले, आणि मध्येच थांबले. त्यांनी ते पँटला पुसले. मग कठड्याचा आधार घेत ते सगळ्यात खालच्या पायरीवर बसले, पाय जुळवले, मांडीवर नीट जागा केली.

"हं, दे आता."

ठमी त्यांच्या शर्टाच्या गुंड्यांशी खेळू लागली. दोन्ही हातांनी तिला गच्च धरून त्यांनी सुनेकडे वर पाहिलं.

"तू आत जाऊ नकोस हं," ते म्हणाले. "इथंच उभी राहा. लक्ष ठेव माझ्यावर."