खिडकीतली कुंडी

सकाळी साडेसातला जपानी शिकवणाऱ्या बाईंना शस्त्रक्रियेसाठी नेणार होते. त्यांच्यामुळे परीक्षा पास झाला, म्हणून धाकट्या भावाने आभाराची भेट आणली होती: फुलझाडाची कुंडी. रुग्णालयातल्या खोलीच्या दारातच ताईने त्याला अडवलं.

"अक्कल गहाण ठेवलीस का? जपानी लोक आजाऱ्याला कुंडी देत नाहीत. दुखणं मूळ धरतं म्हणतात. बाईंनीच शिकवलं होतं ना?"

"विसरलो गं. जिन्यात ठेवून येतो."

आतून बाईंचा आवाज आला. "आण इकडे. एक मार्क कापला तुझा. खिडकीत ठेव, परत आले की मीच पाणी घालीन."

दुपारचे चार वाजलेत. बाई अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. ताईने कुंडीला दोनदा पाणी घातलंय.