तवंग

गुणाजी दर रविवारी मालाडहून पवई तलावावर मासे धरायला जातात. निघताना नात मानसी मोबाइल बाजूला ठेवते आणि त्यांच्या दोन्ही हातांना पार बोटांच्या टोकापर्यंत सनस्क्रीन चोळते. गळाला लावायची कणीक भिजवायला त्यांनी तलावात हात घातला की पाण्यावर तेलकट तवंग पसरतो. मग मासा काही तिकडे फिरकत नाही.

"गुणाजी, तुझ्या त्या क्रीमने पाण्याची वाट लागतेय," शेजारी गळ टाकून बसलेला चंदू आज वैतागलाच. "मासे पण पळतात. नातीला सांग ना, नको लावू म्हणून!"

गुणाजींनी रिकामी पिशवी गुंडाळली.



"माका कळता रे सगळा. पण आठवड्यात तेवढ्याच वेळाक कोणतरी माझो हात हातात घेता."