अर्ध्या तासाची विनंती

कटर पुन्हा धातूच्या तुकड्यात घुसला आणि कडकन तुटला. हेमांगीने लाल बटण दाबलं, तोवर तिसरा कृत्रिम गुडघा वाया गेला होता. सोमवारच्या शिबिरात बावीस माणसं नव्या पायांवर उभी राहायची होती आणि कुपवाडच्या तिच्या वर्कशॉपमध्ये मशीन पिसाळलं होतं.

मशीन चालवणारं सॉफ्टवेअर फुकटचं, हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं. काल जुना कॉम्प्युटर बसला, म्हणून तिने नवा आणला आणि त्यावर नवी आवृत्ती टाकली. जुनी आवृत्ती नवा कॉम्प्युटर घेतच नव्हता. शेवटी तिने अकोल्याच्या चिंचोळकर सरांना फोन लावला. मोटारींना हुकूम पोचवणारं तिचं कार्ड स्वस्तातलं, फारसं कुणी न वापरणारं. त्याच्यापुरतं सॉफ्टवेअर सर एकटेच, एक पैसा न घेता सांभाळत.

"सर, न तपासता लोकांच्या गळ्यात मारता कसं हो तुम्ही?" तिला रडू फुटायचंच बाकी होतं.

"तपासू कशावर, ताई? माझं कार्ड जानेवारीतच जळलं. आता ते बाजारात मिळतही नाही. ज्यांच्याकडे असेल त्यांनी नवी आवृत्ती अर्धा तास चालवून बघा, म्हणून तीन महिने आपल्या वापरणाऱ्यांच्या ग्रुपवर हात जोडत होतो. एकानेही चालवलं नाही. शेवटी तसंच बाहेर सोडलं."

"मला कुठे दिसलं ते?" म्हणत तिने ग्रुप उघडला.

सरांची विनंती तिथे होती. तिच्याखाली एकच प्रतिसाद होता: उंचावलेला अंगठा, आणि त्याच्यापुढे हेमांगीचं नाव.