आत तुमचं कोण?

"आत तुमचं कोण?" नव्या वॉचमनने पिटुकलीच्या आईला विचारलं.

हॉस्पिटलच्या प्रतीक्षालयात सगळे एकमेकांना हेच विचारतात. नाव नाही, गाव नाही, थेट आत तुमचं कोण? कुणी म्हणतं सासरे, कुणी म्हणतं बहीण. पिटुकलीच्या आईचं आत कुणीच नव्हतं. बाहेरही नव्हतं, म्हणून तर ती लेकीला घेऊन इथे झोपत होती. खोली सुटल्यावर आधी मैत्रिणीकडे राहिली, मग चुलतभावाकडे. वहिनी तोंडाने कधी काही बोलली नाही हो, भांडी तेवढी आपटायची. शेवटी एका संध्याकाळी पावलं इकडे वळली. इथे डोक्यावर छप्पर होतं, नळाला पाणी होतं, आणि इतक्या काळजीच्या चेहऱ्यांत आणखी एक चेहरा कुणाच्या लक्षात येतो? सकाळी लेक शाळेत जायची आणि आई कपड्यांच्या दुकानात घड्या घालायला. दोन्हीकडे कुणाला पत्ता नव्हता.

"तिची सासू आहे बायकांच्या वॉर्डात," खिडकीखालच्या बाकावरून काकू म्हणाल्या. "आणि काय रे, नोकरीवर आलास नाही तोच बायामाणसांवर डोळे वटारतोस?"

वॉचमन वरमला. "मी कशाला वटारू, काकू? साहेबांचा हुकूम आहे. आज संध्याकाळपासून ज्याच्याकडे बिल्ला तोच इथे थांबणार. एका पेशंटमागे एकच बिल्ला. लहान मूल बरोबर चालेल."

तो गेला. पिटुकलीची आई पिशवी आवरायला लागली.

काकू नसत्या तर तिचा इथे पहिल्या दिवशीच निकाल लागला असता. कुठल्या बाकाला वारा लागत नाही, कुठल्या नळाला गरम पाणी येतं, सगळं काकूंनी दाखवलं. धुतलेला गणवेश वर्तमानपत्रात घालून अंगाखाली घेऊन झोपायचं म्हणजे सकाळी इस्त्री तयार, हेही त्यांचंच. तिच्याकडे बिल्ला नाही हे त्यांनी केव्हाच ओळखलं होतं, पण एका शब्दाने कधी विचारलं नाही.

भेटीच्या वेळी काकू छातीवर बिल्ला लावून, थर्मासमध्ये गरम पाणी भरून वर आपल्या म्हाताऱ्याकडे जायच्या आणि कुरकुरत खाली यायच्या. "सूपाला तोंड लावलं नाही हो! म्हणे अळणी आहे. घे, पिटुकलीला दे. ब्रेड पण आहे."

"काकांना कसं आहे?"

"आहे तसंच. ना पुढे, ना मागे."

"मी येऊ का एकदा भेटायला?"

"नको गं बाई. लाजाळूचं झाड आहे ते! मला बघायला आला तेव्हा सगळा वेळ माझ्या पायांकडे बघत होता. मला वाटलं, याला चप्पल आवडली."

एरवी या गोष्टीला पिटुकली खिदळायची. आज तिने गणिताचं पुस्तक मिटलं आणि हळूच विचारलं, "आई, आता कुठे जायचं?"

"बघू," आई म्हणाली.

"कुठे निघालीस?" काकूंनी विचारलं.

"भावाकडे."

"खोटं बोलायचं तर नीट तरी बोल. कान लाल झालेत बघ तुझे."

काकू उठल्या, फोन करून येते म्हणाल्या आणि परत आल्या त्या हसतच.

"मुलाशी बोलले. सून म्हणते, आई, आता बास झालं, चार दिवस घरी येऊन पाठ टेका. गादीसुद्धा घालून ठेवलीय म्हणे."

"आणि काकांचं कोण बघणार?"

"तू आहेस की! हा घे बिल्ला." काकूंनी तो स्वतःच तिच्या ओढणीला लावला. "थर्मासही ठेव. सकाळी गरम पाणी नेऊन दे. कुरकुर करेल, मनावर घेऊ नकोस."

तिला रडूच फुटलं. "काकू, तुमचे उपकार मी कसे..."

"उपकार कसले डोंबलाचे? मी गादीवर लोळणार, तू बाकावर. माझीच मजा आहे!" त्यांनी पिटुकलीचा गालगुच्चा घेतला, आपली भलीमोठी पिशवी खांद्याला लावली आणि दारातून वळून म्हणाल्या, "डोकं भिंतीकडे करून झोप. वारा लागत नाही."

खिडकीतून काकू दिसत होत्या. फाटकाशी बराच वेळ उभ्या राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होत्या. मुलाची गाडी शोधत असतील, पिटुकलीच्या आईला वाटलं. कुणाची तरी सून इतकी चांगली निघाली, याचं तिला मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, दोघींना सुट्टी. तिने लेकीची वेणी घातली, काठोकाठ थर्मास भरला. वडिलांसारखं करायचं त्यांचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. "आजोबांना विचारायचं, बरं वाटतंय का? आणि अळणी म्हणाले तर हसायचं नाही," तिने पिटुकलीला जिन्यातच बजावलं.

बिल्ल्यावरच्या नंबराची कॉट खिडकीशी होती. तिच्यावर पायाला प्लास्टर घातलेला एक तरुण झोपला होता.

"सिस्टर, इथल्या आजोबांना कुठे हलवलं? आमच्या काकूंचे यजमान."

सिस्टरने बिल्ला पाहिला, मग थर्मास पाहिला. "काकू कुठे आहेत?"

"मुलाकडे गेल्या. चार दिवस आरामाला."

सिस्टरने हातातला ट्रे खाली ठेवला.

"कुठला मुलगा? अहो, काकांना जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून काकू इथल्या एकट्या पेशंटना भरवतात. राहतं घर गेलं, जायला जागा नाही, म्हणून तर हा बिल्ला आम्ही त्यांच्याकडून परत घेतला नव्हता."