मराठी आठ

टोमॅटोचं झाड मोडून आडवं पडलं होतं. नात तन्मयी हिरवे टोमॅटो फ्रॉकच्या ओच्यात गोळा करत होती.

"काठीला आणि खोडाला आठाच्या आकारात सुतळी बांध म्हटलं होतं," दामूआजोबा करवादले. "लक्ष कुठं असतं तुझं?"

"तशीच बांधली." तन्मयीनं कुंडीतल्या मातीत बोटानं ८ काढला. "तुमच्या आठाची एक बाजू उघडीच असते, म्हणून सुतळीचं टोक मोकळं सोडलं."

आजोबांच्या मनात इंग्रजी आठ होता. काठीभोवती एक वेढा, खोडाभोवती दुसरा. मराठी आठ मात्र त्यांनीच तिचं बोट धरून पाटीवर गिरवून घेतला होता.

"माझा आठ चुकला का?"

"नाही गं, बरोबर आहे," म्हणताना आजोबांना तिच्याकडे बघवेना. ते मोडलेलं खोड काठीशी धरून बसले.