परवानगीवाचून लग्न

देवाशप्पथ सांगते गं, यातला शब्दन् शब्द खरा आहे! तुझे आजोबा तेव्हा पलटणीत, बाविशीचे. पंचविशीच्या आत लग्न करायचं तर साहेबाची परवानगी लागायची, आणि साहेब तीनदा नाही म्हणाला. इकडे माझे वडील मला एका बिजवराला द्यायला निघालेले.

मी म्हटलं, नवरा लढाईवर असला की आपल्यात त्याच्या कट्यारीशी लग्न लावतात. आणा कट्यार! तिला मुंडावळ्या बांधल्या, हार घातला अन् लागलं लग्न.

साहेबाला कळलं. म्हणाला, "विनापरवाना लग्न? याला कोठडीत टाकतो!"

मी छावणीत जाऊन कट्यार त्याच्या टेबलावर आदळली. "साहेब, हे तर त्या दिवशी सीमेवर पहारा देत होते. लग्न हिच्याशी लागलंय, घाला हिला कोठडीत! बंदूक तुमची, वर्दी तुमची. कुंकू माझं आहे. ते काय तुम्हाला विचारून लावू?"

साहेबाने परवानगीवर सही केली.

बरं बाई, यातली एकच गोष्ट रचलेली. शिपायाच्या घरात कट्यार कुठली? विळी होती. तीच तुझ्या पुढ्यातली. कांदा जपून चिर, नात्याने आजा लागतो तुझा!