तुलेगेनचा पाय

झऱ्यातल्या पालीसारख्या दिसणाऱ्या सॅलमँडरांची राखण करणारा तुलेगेन शेवाळावरून घसरला आणि त्याची नडगी मोडली. आमच्या अलाताऊच्या डोंगरात हाड मोडलं की सॅलमँडर वाळवून त्याची पूड दुधातून देतात. हा जीव जगात आता इथंच उरलाय, मारू नका, असं तुलेगेन अकरा वर्षं घसा फोडून सांगत होता.

चौथ्या दिवशी शेजारची कुल्याश आजी बादली घेऊन आली. तळाशी एक जिवंत सॅलमँडर वळवळत होता.

"आजी, हा कुठून आणलास?"

"तुझ्याच झऱ्यातून. तू इथं पडलेला, मग अडवणार कोण? तुझ्यासाठीच आणला रे राजा. थांब, चूल पेटवते."

तुलेगेनने बादली हिसकावली. प्लास्टरातला पाय फरफटत, कळा सोसत तो चढण चढला आणि सॅलमँडरला पाण्यात सोडून तिथंच मटकन बसला.

आजी दारातून डोळे फाडून बघत होती.

"अगं बायांनो, धावा! खाल्लासुद्धा नाही, नुसती बादली हातात धरली, तर पोरगं डोंगर चढून गेलं!"

संध्याकाळपर्यंत अख्खं गाव बादल्या घेऊन झऱ्यावर लोटलं होतं.